तिसरा ब्रेक

जीप कडब्याच्या गंजीत घुसली तेव्हा मी तिसऱ्या गाईला मशीन लावत होते.

आवाज फार झाला नाही. कडब्याने तो गिळला. पण गोठ्यातल्या बाराही गाईंनी एकदम माना वर केल्या. मशीन तसंच चालू टाकून मी खळ्याकडे पळाले.

पोखरीचा घाट उतरून रस्ता आमच्या खळ्यापाशी वळतो आणि सरळ शाळेच्या नळापुढे जातो. नळावर पोरं होती. जीप वळली नव्हती. सरळ गंजीत शिरली होती. तात्या, म्हणजे माझे सासरे, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसले होते. शेजारी माझी नऊ वर्षांची रेवती कपाळ धरून बसलेली. टेंगूळ आलं होतं, रक्त नव्हतं. मी तिला खाली ओढलं. तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन ब्रेक लागले. तिसरा दगड झाला."

पुढचा आठवडाभर जो भेटेल त्याला ते हेच सांगत होते. शब्द तेच, क्रम तोच. पत्ता विचारणाऱ्याला पत्ता सांगावा तसे.

तात्यांनी साखर कारखान्याची जीप बत्तीस वर्षं चालवली. निवृत्त झाल्यावर लिलावात एक जुनी डिझेल जीप घेतली आणि आमच्या गोठ्याचं दूध रोज सकाळी संगमनेरला न्यायला लागले. गाडीला कधी ओरखडा नाही. गावात लग्न निघालं की नवरीला आणायला तात्याच हवेत, असा शिरस्ता होता. त्यामुळे इसाकभाई मिस्त्री जीप ओढून घेऊन गेला तेव्हा गाडीचंच काहीतरी बिघडलंय, याबद्दल कुणाला शंका नव्हती.

इसाकभाई सच्चा माणूस. त्याने चारही चाकं खोलली, ब्रेक ऑइल बदललं, लाइनीतली हवा काढली. स्वतः बसून स्टँडपर्यंत चकरा मारल्या. ब्रेक लोण्यासारखे. शेवटी आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बाजूला घेऊन तो हळू आवाजात म्हणाला की गाडीत काही दोष नाही. वय झालं की ब्रेकवरचा पाय चुकून रेसवर पडतो, त्याच्या अब्बांचंही असंच झालं होतं. वाईट वाटून घेऊ नका.

आमच्या मालकांनी वाईट वाटून घेतलं नाही, रागावून घेतलं. घरी येऊन किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "तात्या, आता बास. त्या दिवशी कडबा होता म्हणून."

पुढचं बोलायची गरज नव्हती. रेवती समोरच कपाळाला हळद लावून बसली होती.

तात्या वाद घालतील असं मला वाटलं होतं. ते घालायचे, कांदा उभा चिरावा की आडवा यावरही घालायचे. पण ते जेवणाच्या ताटावरून उठले, हात धुतले आणि म्हणाले, "भंगारात द्या ती. पण कुणी चालवायची नाही. तूपण नाही."

हे मालकांना लागलं. नंतर गोठ्यात येऊन ते मला म्हणाले, म्हातारपण असंच असतं, मला नाही तर कुणालाच नाही. गाडी धड आहे, सोमवारपासून दूध मीच नेणार. मी गाईची कास पुसत होते, मान हलवली. मलाही तेव्हा तसंच वाटलं, हे कबूल करायला हवं.

शनिवारी दुपारी मी धान्य काढायला पडवीत गेले. तात्या बाजेवर बसले होते. समोर आमचं जुनं दगडी जातं. उजवा पाय त्यांनी जात्याला टेकवला होता आणि सगळा जीव लावून ते जातं ढकलत होते. ओठ हलत होते. पाचपर्यंत मोजायचे, सोडायचे, मांडी चाचपायचे, पुन्हा पाय टेकवायचे. शेजारून पायली उचलायची तर त्यांना कळलं असतं. मी पायली न घेताच परत आले.

त्या संध्याकाळी धारेला बसले तरी डोळ्यांपुढून तो पाय हलेना.

इथे आमच्या मशीनबद्दल सांगायला हवं. दूध काढायचं मशीन आणलं तेव्हा कंपनीचा माणूस अर्धा तास शिकवून गेला तो गेलाच. पुढचं सगळं मी खोलून-जोडून शिकले. शिक्षण सातवी, पण त्या मशीनची प्रत्येक वाटी आणि प्रत्येक झडप माझ्या हाताखालून गेलेली. त्यात विशेष काही नाही: पंप नळीतली हवा ओढून घेतो, त्याला व्हॅक्यूम म्हणतात, आणि त्या ओढीवर कप गाईच्या सडांना धरून राहतात. ओढ किती, ते गोल काचेतला काटा दाखवतो. आमचा अडतीसवर ठेवायचा. कुठे नळी फुटली, की मजा अशी होते की ते लगेच कळत नाही. टाकीत ओढ साठलेली असते. पहिल्या दोन गाईंचं दूध नीट निघतं. तिसऱ्या गाईचे कप गळून पडतात.

मी कप हातात धरून तशीच बसून राहिले.

दोन ब्रेक लागले. तिसरा दगड झाला.

हे वाक्य मी आठवडाभर ऐकत होते, आणि माझ्या गोठ्यातलं असून मला ओळखू आलं नव्हतं.

रविवारी मालक आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाच्याच्या साखरपुड्याला गेले. रेवतीलाही नेलं. मी गोठ्यातल्या मशीनचं काट्याचं गेज काढलं, नळीचा एक जाड तुकडा आणि तीन तोंडांचा जोड घेतला, खिळ्यावरची किल्ली काढली आणि पडवीत जाऊन उभी राहिले.

एकोणीस वर्षांच्या संसारात मी तात्यांशी समोरासमोर उभं राहून फार बोलले नव्हते. चहा ठेवलाय, पाहुणे आलेत, गाय व्यायलीय. असलं काय ते, तेही दाराआडून.

"तात्या, ब्रेक कसा तपासतात ते दाखवा मला."

त्यांनी किल्लीकडे पाहिलं, मग गेजकडे. "मिस्त्रीनं तपासलाय."

"मिस्त्रीकडे गाई नाहीत."

हे उत्तर त्यांना कळलं नसावं. पण ते उठले.

खळ्यात जीप उभी होती. तात्यांनी शिकवायला घेतल्यावर मला प्रथमच दिसलं की ते चांगले मास्तर झाले असते. इंजिन बंद ठेवून त्यांनी ब्रेक चार-पाच वेळा दाबला. दर वेळी तो जास्त कडक होत गेला. मग पाय तसाच दाबून धरत म्हणाले, आता माझ्या पायाकडे बघ, मी हलवणार नाही. आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, आणि त्यांनी जोर न वाढवता ब्रेक पायासकट आपणहून दोन बोटं खाली गेला. कुणीतरी त्यांच्या पायावर हात ठेवून हळूच दाबल्यासारखा.

"उतरला ना? म्हणजे पायाला जोर देणारा बूस्टर धड आहे," तात्या म्हणाले. एवढा चांगला निकाल इतक्या पडलेल्या आवाजात मी कधी ऐकला नाही. गाडी धड, म्हणजे पाय खोटा.

मी बॉनेट उघडायला लावलं. डायनामोच्या मागे एक छोटा पंप होता, तिथून निघालेली नळी बूस्टरच्या काळ्या डब्याला जात होती. माझा गोठाच तो, फक्त गाई नव्हत्या. नळी घासू नये म्हणून इसाकभाईने तिच्यावर जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळून तारेने बांधलं होतं. टोकाला दिसत होती ती ग्रीस आणि काजळीने माखलेली. चैत्रात जीपची जुनी नळी चिरली तेव्हा ही आमच्याच गोठ्यातून गेली होती, म्हणून तिच्याबद्दल मला उलट खात्रीच होती. मी बूस्टरच्या तोंडाशी माझा जोड घातला, आणि तिथून गेजची जाड नळी दारातून आत घेतली.

इंजिन सुरू केलं. काटा अडतीसवर थांबला नाही. पन्नास. साठ. पासष्ट. एवढी ओढ माझ्या गाईंच्या सडांना लागली असती तर त्यांनी मला लाथेने घरात पोचवलं असतं.

"आता घाट चढायचा," मी म्हणाले. "आणि उतरायचा."

तात्यांनी इंजिन बंद केलं. "माझ्या पायावर भरवसा ठेवून घाटात येतीस?"

"पायावर नाही. पहिल्या गिअरवर. शिवाय चाकाला लावायला दगड घेतलाय."

मग मी पुढच्या सीटवर, त्यांच्या शेजारी बसले. या जीपमध्ये मी कायम मागे, दुधाच्या कॅनांमध्ये बसत आले होते. सून सासऱ्याशेजारी बसत नाही. पारावर तीन-चार माणसं होती. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत पुरेल असा विषय मिळाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी पदर नीट केला आणि मांडीवरच्या काट्याकडे नजर लावली.

चढताना ब्रेक लागत नाही, त्यामुळे काटा पासष्टवर खिळलेला. इंजिन तापून बॉनेटवरची हवा थरथरत होती. खिंडीत तात्यांनी जीप वळवली, गिअर पहिला टाकला आणि डोंगराची कड धरून उतरायला सुरुवात केली. माणूस चालेल इतक्या वेगाने.

"दाबा."

त्यांनी दाबला. मऊ लागला. काटा अठ्ठेचाळीसवर आला. मी वाट पाहिली. पंप फिरतोय, म्हणजे काटा परत चढायला हवा. माझ्या गोठ्यात चढतो. तो चढला नाही.

"परत दाबा."

पंचवीस.

"तात्या, आता तिसरा."

त्यांच्या मांडीची शीर ताठ झाली. पाय थरथरायला लागला. ब्रेक तसूभर हलला नाही. त्यांनी हँडब्रेक ओढला, डावी चाकं डोंगराकडच्या चारीत घातली, आणि जीप हिसका देऊन थांबली. मी उतरून चाकाला दगड लावला. वर आले तर तात्या माझ्या मांडीवरून सीटवर पडलेल्या गेजकडे बघत होते. काटा पंधराच्या खाली.

"हा माझा पाय नाही," ते म्हणाले. विचारल्यासारखं.

"नाही. हा तुमचा पाय नाही."

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं, ते बराच वेळ पुसत राहिले.

इंजिन चालूच ठेवून आम्ही बॉनेट उघडलं. बाहेरून सगळं जागच्या जागी. तात्यांनी खिशातली सुरी दिली, मी तार उलगडली आणि नळीवरचं रबर सोलून काढलं.

आतली नळी चपटी झाली होती. मधली वीतभर लांबी पट्ट्यासारखी, जणू कुणी अंगठ्याने दाबून धरलीय. मी बोट लावून पाहिलं; गरम, मऊ, आणि दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या.

"इंजिन बंद करा."

आवाज थांबला. घाटात एकदम शांत झालं. आणि ती नळी आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू फुगली, गोल झाली. इतकी निर्दोष दिसायला लागली की कुठल्याही मिस्त्रीने शपथेवर पास केली असती.

"परत लावतो," तात्या म्हणाले.

परत लावलं. नळी मिटली. बंद केलं. उघडली. एक सासरा आणि एक सून भर दुपारी घाटात बॉनेटमध्ये डोकं घालून हा खेळ चार वेळा खेळले. पाचव्यांदा लावायच्या आधी तात्यांनी विचारलं, "पण दाबतं कोण हिला?"

मला उत्तर ठाऊक होतं, रोजचंच होतं. कपाच्या आतलं रबरी लायनर असंच मिटतं आणि उघडतं, मिनिटाला साठ वेळा, त्यावरच दूध निघतं. पण कुणी विचारलं नव्हतं म्हणून ते मी कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

"हवा. आपण आतली काढून घेतली की बाहेरची वर येऊन बसते. तिला वजन असतं."

"आणि ब्रेकचं?"

"तेच. डब्याच्या मध्ये रबरी पडदा आहे. एका बाजूची हवा पंपाने काढून ठेवलेली. तुम्ही ब्रेक दाबला की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा आत शिरते आणि पडदा ढकलते. तुम्ही फक्त तिला दार उघडून देता."

तात्या मागे सरले. त्यांनी वर पाहिलं. वर काही नव्हतं. माघ महिन्यातलं स्वच्छ आकाश, एखादी घारसुद्धा नाही. ते त्या रिकाम्याकडे एवढ्या अदबीने बघत होते की मीही पाहिलं. रोज दोन वेळा, बारा गाईंना, चार वर्षं मी त्या आभाळाला कामाला लावत होते, आणि एकदाही मान वर केली नव्हती.

"बत्तीस वर्षं," तात्या म्हणाले, "मला वाटायचं गाडी मी थांबवतो."

मी हसले, आणि हसता हसता हात नळीवर गेला. आता ती पुसली गेली होती. बोटांना तिचा पोत लागला आणि मी ती पुन्हा चाचपून पाहिली.

आमच्या गोठ्याच्या भिंतीला नळ्यांची दोन भेंडोळी टांगलेली असतात. एक जाड, कडक, ती व्हॅक्यूमची. दुसरी मऊ, लवचीक. तिच्यातून दूध वाहतं. दोन्ही काळ्या, बाहेरून दोन्ही सारख्याच वाटतात, पण हाताला लगेच कळतं. चैत्रातल्या त्या संध्याकाळी रेवती पळत आली होती की तात्यांना दोन हात नळी हवीय. मी गाईखाली बसले होते. उठले नाही. हात मागे नेऊन जी लागली ती ओढली, सुरीने कापली आणि पोरीच्या हातात दिली. थंड असेतो, आणि अडतीसच्या ओढीला, ती नळी तग धरते. तापलेल्या इंजिनाशेजारी, पासष्टच्या ओढीला, दहा महिने मऊ पडत गेल्यावर नाही.

काट्याकडे घटकेघटकेला बघणारी मी, नळीकडे बघितलंच नव्हतं.

"तात्या, ही दुधाची नळी आहे. ही मीच कापून दिली."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"बसवली त्याच दिवशी वाटलं, मऊ आहे म्हणून. पण तू दिलेली. तुला त्यातलं कळतं." त्यांनी सुरी मिटून खिशात टाकली. "गंजीत घुसलो तेव्हा पहिला विचार नळीचाच आला."

"मग इसाकभाईला का नाही सांगितलं? घरात का नाही बोललात?"

ते जीपच्या पुढच्या बंपरवर बसले.

"पोरीला लागलं होतं, सूनबाई. तेव्हा मी नळीचं नाव काढलं असतं तर घरानं तुला धरलं असतं. आणि मिस्त्री म्हणतो नळी चांगली. मग पाय माझाच खोटा असला तर? आधी पाय तपासायचा होता मला. तवर गाडी कुणी चालवू नये, एवढंच बघायचं होतं."

मला जातं आठवलं, आणि पाचपर्यंत मोजणारे ओठ. आठवडाभर या माणसाने स्वतःच्याच विरुद्ध पुरावा शोधला होता, माझ्याविरुद्ध हातात असताना. मी पदराने हात पुसले आणि बॉनेट लावलं.

उतरताना मी जीपमध्ये बसले नाही. तात्या पहिल्या गिअरमध्ये, एक हात हँडब्रेकवर. आणि मी मागच्या चाकाबरोबर दगड पोटाशी धरून चालत. तीन किलोमीटर. पदर कधी पडला ते कळलं नाही. पारावरच्यांना त्या दिवशी सणच होता.

घरी येऊन जाड नळी बसवली. इंजिन तापवून, दहा वेळा ब्रेक दाबून पाहिला. काटा दर वेळी पडला आणि दर वेळी परत चढला.

मंडळी साखरपुड्याहून आली तेव्हा आम्ही दोघं ओट्यावर होतो आणि मध्ये ती चपटी नळी. मालकांनी ती पाहिली, मग खिळ्यावर किल्ली नाही हे पाहिलं, आणि त्यांचा पारा चढला. मी काही बोलायच्या आत तात्यांनीच सुरुवात केली. नळी सदोष निघाली, दुकानदार हल्ली कसलाही माल देतात, कुणाचाच...

"मी चुकीची नळी दिली," मी म्हणाले. "दुधाची. न बघता कापली. तात्यांचा पाय शाबूत आहे."

आत्याबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. रेवती बापाच्या पायाशी उभी होती; टेंगूळ आता पिवळं पडलं होतं. मालकांनी तिच्या कपाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी ते ऐकायला तयार होते. ते माझंच होतं.

पण त्यांनी वाकून नळी उचलली, दोन बोटांत दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मग बापाकडे वळले. तात्या ओट्याच्या कडेला बसून नखातलं ग्रीस काढत होते, जसं काही हे सगळं शेजारच्या घरी चाललंय. आमच्या घरात बापाची माफी मागायची रीत नाही. कशी मागतात हे कुणी पाहिलेलंच नाही. मालकांनी नळी ओट्यावर ठेवली.

"तात्या," ते म्हणाले, "उद्या दूध न्यायचंय. सहाला."

तात्यांनी मान वर केली नाही.

"साडेपाचला निघू," ते म्हणाले. "सहाला डेअरीवर गर्दी होती."